लिंबाने बांधलेला कॅमेरा

चौकात ही गर्दी! सिग्नलच्या खांबावर कॅमेरा बसल्यापासून आमचं बुलडाणा पेटलं होतं. लाल दिवा तोडला की फ्लॅश उडे आणि मोबाइलवर दंडाची पावती येई. मोर्चा झाला, बंद झाला, कॅमेरा ढिम्म. मग लिंबूमहाराज अवतरले.

"भक्तहो, हा राक्षसाचा डोळा हाये! मी याले बांधतो!" त्यांनी सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर हळद ओतली आणि गाडीगाडीला लिंबू बांधलं. "लाल डोळा उघडला का हळदीमागं थांबा, मंत्र म्हणा. हिरवा उघडला का निघा. फ्लॅश पडला तर माह्या मिशा भादरतो!"

आणि खरंच, फ्लॅश पडेना! लोक नाचू लागले. मोर्चाचे पुढारी भगवंतराव तर शिडीच घेऊन आले. "लिंबू असल्यावर कॅमेरा कायले पाह्यजे? काढा बे!"

"नका काढू, बापा!" देऊळघाटहून मेथी विकायला येणारी तानाबाई टोपली सावरत ओरडली. "पह्यले कोणी थांबे नाई. याच रस्त्यात माहा पाय मोडला. आता कुठं मी सुखानं पलीकडं जाऊन राह्यली."

"आजी, आता लिंबू थांबवते गाड्या!" भगवंतराव हसले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सारिका मॅडम तिथेच पोहे खात होत्या. त्यांनी आपल्या स्कूटीचं लिंबू सोडलं, कापलं आणि पोह्यांवर पिळलं. मग पोहे संपवून स्कूटी काढली आणि लाल दिव्याला मंत्राविना पट्ट्यामागे थांबल्या. फ्लॅश नाही.

"लिंबू तर माह्या पोटात गेलं, महाराज. मग फ्लॅश काऊन नाई पडला?"

"तुमच्यावर माही कृपा..." महाराजांना घाम फुटला. "मले पूजेले जा लागते!" त्यांनी लिंबांची माळ घातलेल्या बुलेटला किक मारली आणि लाल दिव्यातच सुसाट निघाले. नेमकी तानाबाई रस्त्यात! ती मागे सरकली म्हणून वाचली, टोपली मात्र उडाली.

लखकन फ्लॅश पडला.

सगळ्यांच्या माना कॅमेऱ्याकडे वळल्या.

"दिवा लाल असताना जो पट्टा ओलांडते, त्याचाच फोटो निघते," सारिका मॅडम म्हणाल्या. "महाराजानं तुमाले फक्त थांबवलं. फ्लॅश पडणार कसा?"

शिडी टाकून भगवंतराव मेथी वेचू लागले. "आजी, लागलं तर नाई?"

अहो, लिंबासाठी थांबता, मग समोर चालणाऱ्या माणसासाठी थांबायला काय होतं? डोकं वापरा. लिंबू पोह्यांवर पिळा. आणि महाराज कुठे दिसले, तर मिशांची आठवण करून द्या.