जावयांनी विरजलेली लस

आमचे जावई शिवयोगी यांना शिक्षण कमी पडले, असे मी म्हणणार नाही. ते बी.कॉम. आहेत. कमी पडले ते निराळेच, आणि ते कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. ते माझ्या सख्ख्या भावाचे चिरंजीव. भावाच्या घरी लेक देण्याची आमच्यात रीत आहे. त्या रीतीने माझी लेक दानम्मा त्यांच्या घरी गेली आणि लग्नानंतर ते आमच्या डेअरीत आले. जावयाला लोकांदेखत उणा शब्द बोलायचा नाही, हीही आमच्या घरची रीत. या दुसऱ्या रीतीचा शिवयोगींइतका पुरेपूर लाभ सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कोणी घेतला असेल, असे मला वाटत नाही.

त्यांची कन्या, माझी नात महेश्वरी, पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. निरुपद्रवी जीवाणू घ्यायचे, त्यांच्यात असा बदल करायचा की मलेरियाच्या जंतूच्या अंगावरचा एक तुकडा ते स्वतःच तयार करू लागतील. असे जीवाणू माणसाने गिळले की शरीराने त्या तुकड्याची ओळख धरून ठेवावी आणि पुढे खरा जंतू आला की त्याला ताबडतोब पकडावे, असा तिचा प्रयत्न. सुई नको, थंड पेटी नको. मी हे एका बैठकीत समजून घेतले. तिच्या जन्मदात्याला ते अद्याप समजलेले नाही.

डेअरीला दूध घालणाऱ्यांचा मेळावा आम्ही दरवर्षी भरवतो. यंदा महेश्वरी सुट्टीवर आलेली होती, म्हणून जावयांनी तिला बोलायला उभे केले. तिने आमच्याच शीतगृहातली दह्याची एक वाटी मागवली, सर्वांना दाखवली आणि म्हणाली, "ह्या दह्यातही जीवाणूच असतात. आता समजा, हे आमचे बदललेले जीवाणू आहेत. असं काहीतरी पुढेमागे नुसतं खायला देता येईल. अजून आम्ही उंदरांवरच आहोत. माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील, किंवा कदाचित जमणारही नाही."

मेळाव्याला आलेल्या प्रत्येक गवळ्याला हे कळले. समोरच्या रांगेत उपरणे घेऊन बसलेल्या जावयांना त्यातले एवढेच कळले, की लस वाटीत आहे. सभा संपल्यावर ती वाटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून नेली. आमच्या धंद्यात विरजण एकदा हाती आले की पुन्हा मागावे लागत नाही. आजच्या दह्यातला चमचाभर उद्याच्या दुधात घातला की झाले. त्याच न्यायाने त्यांनी लस विरजायला घेतली.

मेळावा झाल्यावर मी पंधरा दिवस अक्कलकोटला बहिणीकडे गेले होते. परतल्यावर शीतगृहात पाहते तर प्लास्टिकच्या पेल्यांच्या रांगा, आणि प्रत्येक पेल्यावर माझ्या नातीचा पांढऱ्या कोटातला फोटो. खाली लिहिलेले, 'डासांपासून मुक्ती, आता घरच्या घरी'.

"हे काय आहे?" मी विचारले.

"आत्या, आपल्या महेशीचं काम लोकांपर्यंत पोचवतोय," जावई म्हणाले. चेहऱ्यावर असे तेज, जणू ते संशोधन त्यांनीच केले होते. "उजनीच्या काठच्या गावांत डास लई. लोक रांगा लावतायत."

"ती उंदरांवर आहे असे म्हणाली होती."

"उंदराला चालतं तर माणसाला का नाही चालणार, आत्या? उंदीर केवढासा, माणूस केवढा!"

मी महेश्वरीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले. सगळ्यांसारखी तीही मला अव्वाच म्हणते.

"अव्वा, ती वाटी तुझ्याच डेअरीतली होती गं! प्रयोगशाळेतून आम्हाला काडीसुद्धा बाहेर नेता येत नाही. आणि समजा खरे जीवाणू असते, तरी असं रोज विरजत गेल्यावर साध्या जीवाणूंनी त्यांना मागे टाकलं असतं. बाबांनी लोकांना नुसतं दही खाऊ घातलंय."

"दह्याने कोणाचे वाईट होत नाही," मी म्हणाले.

"दह्यानं नाही होत, अव्वा. पण लस घेतली असं समजून कुणी ताप अंगावर काढला तर?"

त्या प्रश्नाचे उत्तर अंगणात येऊन उभे होते. धरणाकाठच्या संकलन केंद्राचा ज्ञानबा दुधाच्या टेम्पोबरोबर आला होता. नेहमी कॅन उतरवताना त्याची बडबड चालू असते. आज तो कॅन तसेच ठेवून उभा होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "मंडळीला बरं न्हाय, अव्वा. एक दिस आड हुडहुडी भरतीया. गोधड्या घातल्या तरी दात वाजत्यात. सरकारी दवाखान्याची आशाताई रगत तपासायला दोनदा आली, तर सोजरा म्हनती, मी लस खाल्लीया, मला मलेरिया कसा हुईल? जावईबापूंनी सोता दिलीया. सुई टोचून घ्यायलाच तयार न्हाय."

"आता कशी आहे?"

"काल उबी ऱ्हाईना झाली. डोळं पिवळं दिसाया लागल्यात."

मी वळून शिवयोगींकडे पाहिले. ते पेल्यांची रांग सरळ करत होते.

"गाडी काढायला सांगा," मी म्हणाले. "आणि तुम्ही पुढे बसा."

ज्ञानबाला मी गाडीतच घेतले. वाटेत जावयांनी तीन वेळा तोंड उघडले. एकदा म्हणाले, सोजरबाईंनी पेला पूर्ण खाल्ला नसेल. एकदा म्हणाले, उन्हाने ताकद कमी झाली असेल. तिसऱ्यांदा म्हणाले, "आत्या, तुम्ही सांगितलं तर ती सुई टोचून घेईल. तुमचा शब्द मोडणार नाही. मला कशाला मध्ये आणायचं?"

"शब्द तुमचा ऐकून ती आजारी पडून राहिली आहे," मी म्हणाले. "माझा कशाला खर्ची घालू?"

ज्ञानबाचे घर केळीच्या बागेला लागून आहे. सोजरबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिने पदर सावरण्याचा प्रयत्न केला; तो पुन्हा घसरला. आशाताईला ज्ञानबाने वाटेतूनच फोन करून बोलावले होते. शेजारच्या बाया जमल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या जणींनी ते दही खाल्ले होते.

"अव्वा, तुमी कशापायी आला?" सोजरबाई म्हणाली. "जावईबापूंची लस हाय की पोटात. हुईल बरं."

मी जावयांना लोकांदेखत उणा शब्द बोलले नाही. आमची रीत मी मोडत नाही. मी फक्त म्हणाले, "शिवयोगी, यांना सांगा."

ते माझ्याकडे पाहत राहिले, मग बायांकडे, मग केळीकडे. केळीकडून मदत येण्यासारखी नव्हती.

"ते... म्हणजे... तत्त्वतः ते दही होतं," ते म्हणाले.

"मराठीत सांगा."

"साधं दही होतं. आपल्या डेअरीचं."

सोजरबाईने डोळे बारीक करून त्यांना न्याहाळले. "निस्तं दही?"

"हो."

"मंग त्यावर लेकीचा फोटू कशापायी डकवला वं? पोरगी एवढी शिकली, आन् तुमी तिला दह्यावर चिकटवली!"

एक बाई फिसकन हसली. दुसरी म्हणाली, "माज्या नातवाला रोज चारलं की मी. तरीच म्हनलं, लस एवढी आंबट कशी!"

जावयांनी उपरण्याने कपाळ पुसले. आशाताईने सुई काढली, तेव्हा सोजरबाईने हात मागे घेतला. "आदी त्यांचं रगत घ्या," ती म्हणाली. "आता कुनाच्या बोलन्यावर इस्वास न्हाय. त्यांनी टोचून घेतलं तर मी घीन."

ती बाई तापाने फणफणली होती, पण न्याय तिने नेमका केला. शिवयोगी दोन पावले मागे सरकले. लहानपणीही सुईला पाहून ते माझ्या भावाच्या पाठीमागे लपत. आता तिथे माझा भाऊ नव्हता. मी नुसता पाट पुढे सरकवला. ते बसले, डोळे गच्च मिटले, बोट पुढे केले आणि टोचताच असे ओरडले की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.

"झालं का?" सोजरबाई म्हणाली आणि स्वतःचे बोट पुढे केले. तिने हूं की चूं केले नाही.

थेंब पट्टीवर गेला. आम्ही सगळे त्या पट्टीकडे पाहत बसलो. जावयांच्या पट्टीवर एकच रेघ उमटली. सोजरबाईच्या पट्टीवर दुसरीही रेघ हळूहळू गडद होत गेली. आशाताईने तिच्या डोळ्यांत पाहिले, लागलीच दवाखान्यात न्यायला सांगितले आणि तिथे मिळतील त्या गोळ्या संपेपर्यंत सोडायच्या नाहीत, असे दोनदा बजावले. सोजरबाईला आम्ही आमच्याच गाडीत मागे आडवे केले. ज्ञानबा तिच्या उशाशी बसला. दवाखान्यात तिला दाखल करून घेतले. उशीर केलात, पण फार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

मी बाहेर आले तेव्हा जावई गाडीत पुढच्या आसनावर बसून होते. बोटाला कापूस धरलेला, जणू त्यांना तोफेचा गोळा लागला होता.

"आत्या, आता घरी जायचं ना?" त्यांनी विचारले.

"पेले किती गावांत गेले?"

त्यांनी गावांची नावे घेतली. माझ्या अपेक्षेहून ती बरीच अधिक निघाली.

"आत्या, प्रत्येक गावात मी असं उभं राहून सांगायचं? माझी काही अब्रू राहील का?"

"दही विकताना तुम्ही माझ्या नातीची अब्रू पेल्यावर लावलीत," मी म्हणाले. "ती परत आणायची आहे. तुमच्या अब्रूचे नंतर पाहू."

मी ड्रायव्हरला पुढच्या गावाचा रस्ता धरायला सांगितले. जावयांनी बोटावरचा कापूस काढला, खिशात ठेवला आणि बायांसमोर काय बोलायचे ते ओठांतल्या ओठांत जुळवू लागले. प्रत्येक वेळी ते 'तत्त्वतः' या शब्दाने सुरुवात करत होते, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावत होते.