चाकं उघडली नाहीत

दातांच्या डॉक्टरांनी आपलं चार सीटचं छोटं विमान धावपट्टीवर चक्क पोटावर उतरवलं, तेव्हा शेजारी सासरे बसले होते. पत्रा करकरत घासला, ठिणग्या उडाल्या आणि मग सगळं एकदम शांत झालं. दोघांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"झालं काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"चाकं उघडली नाहीत," डॉक्टर बोलून गेले.

थाप अगदी सफाईने बाहेर पडली. खरं तर सासऱ्यांना खालचं तळं दाखवण्याच्या नादात चाकांचा दांडा खाली करायचाच राहिला होता. इशाऱ्याचा भोंगा कानाशी कोकलत होता आणि हे आपले गप्पांत रंगलेले.

सासरे भयंकर खवळले. धावत आलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला त्यांनी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "डोळे मिटून काम करता का हो? माझी लेक उघड्यावर पडली असती!"

मेकॅनिकने विमानात डोकावून पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. "असेल साहेब," तो हळूच म्हणाला, "माझ्याकडूनच काही राहिलं असेल."

डॉक्टर खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. त्या सुटल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये विमान जॅकवर चढवलं. मेकॅनिकने दांडा खाली केला. तिन्ही चाकं झोकात उघडली, तिन्ही हिरवे दिवे लागले. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला कालच कळलं होतं?"

"दांडा वरच होता की. डोकावलो तेव्हाच दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"सासऱ्यांपुढे जावयाची चूक कशी काढायची? वाटलं, तुम्हीच सांगाल." मेकॅनिक फडक्याला हात पुसत राहिला. "घरी बायको विचारत होती, इतक्या वर्षांत कधी नाही, आत्ताच कसं चुकलं म्हणून. तिला काय सांगू, सुचेना."

डॉक्टरांना मान वर करवेना. त्यांनी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, काल मी खोटं बोललो. चाकं उघडायला मीच विसरलो. यांचा काही दोष नव्हता."

सासरे एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडे द्या फोन." त्यांनी मेकॅनिकची मनापासून माफी मागितली. जावयाशी पुन्हा न बोलताच फोन ठेवला.

"वहिनींनाही मीच सांगतो. नंबर द्या," डॉक्टर म्हणाले.

"फोनवर नको," मेकॅनिक म्हणाला. "घरी चला. समोर बसून सांगा."

डॉक्टर गेले. दार त्या माउलीनेच उघडलं, "या, बसा," म्हणाली. आणि डॉक्टरांना उंबऱ्यातून आत पाऊल टाकवेना.