वाल्मिक ऑफ झाला, तो रविवार

आक्काबाईने धाकट्या लेकाशी बोलणं टाकलं होतं, पण त्याची खबर घेणं टाकलं नव्हतं.

वाल्मिक सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कारखान्यात कामाला. बापाच्या वर्षश्राद्धाला तो आला नाही. सुट्टी नाही, एवढा निरोप बायकोच्या तोंडून दिला. ही बायको दुर्गा, पालघरकडची, त्याने आपल्या मनाने केलेली. आक्काबाई फोन लावून तिला म्हणाली, त्याला दे फोन. आणि पलीकडून हूं की चूं येण्याची वाट न बघता सुनावलं, "आजपासून मन्हासाठी तू मेला." उचलली जीभ लावली टाळ्याला.

दोन महिन्यांनी राग उतरला. पण आधी फोन करायचा कोणी? आपण करावा तर नाक खाली होतं, आणि आक्काबाईचं नाक पिंपळनेरपासून साक्रीपर्यंत सगळ्यांना माहीत. मग तिने आडवाट काढली. रविवारी सकाळी थोरल्या चिंधाला ओट्यावर बसवायचं, कारखान्याच्या गेटवर फोन लावायला सांगायचं आणि वॉचमनला विचारायचं, वाल्मिक कामावर आलाय का? आलाय म्हटलं की फोन बंद. पोरगा आहे, धडधाकट आहे. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

त्या रविवारी वॉचमन म्हणाला, "वाल्मिक? वो तो ऑफ है."

आता हा शब्द गावाकडे एकाच कामाला येतो. माणसाला मेला म्हणणं बरं दिसत नाही, वारला म्हणणं पुस्तकी वाटतं, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातून हा शब्द गावात आला आणि रुळला. अमक्याचा म्हातारा ऑफ झाला, तमक्याची सासू ऑफ झाली. दुसरा अर्थ कोणाला ठाऊक नाही, आणि गरजही पडली नाही.

चिंधाने कसंबसं विचारलं, "कब?"

"आज ही. बहुत दिन से चल रहा था बेचारे का, आज जाके हुआ. सुबह गाडी करके गये दुधनी. बीवी-बच्ची साथ में है." आणि गेटवर ट्रक आला म्हणून त्याने फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता. आक्काबाई दळण निवडत होती. सूप तिच्या मांडीवरून कधी घसरलं तिला कळलं नाही. ती रडलीही नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, मी बोलले आणि तो गेला. आईच्या तोंडचं लागतं म्हणतात, ते लागलं.

चिंधाने वाल्मिकला फोन लावून पाहिला, दुर्गाला लावून पाहिला. दोन्ही संपर्काबाहेर. आता आणखी काय पुरावा हवा? पलीकडच्या गल्लीतून तिचा भाऊ रघुनाथ आला. रघुनाथमामा म्हणजे पंचक्रोशीतल्या प्रत्येक मयताचा पुढारी. लाकडं किती लागतील इथपासून दहाव्याला बुंदी की शिरा इथपर्यंत सगळं त्यालाच विचारायचं. त्याने शब्द ऐकला आणि मान हलवली. "ऑफ म्हंजे ऑफ. पाटीलना भाऊ गया तवय डॉक्टरनी हाऊच शब्द सांगा."

जीप ठरली. टोप्या घातलेले चार भाऊबंद मागे बसले, मामाने कोरं कापड घेतलं, आणि गाडी डांगच्या घाटाला लागली. आक्काबाईने पाण्याचा घोटही घेतला नाही. वांसद्याला जी रडायला लागली ती सिल्वासा येईपर्यंत थांबलीच नाही. रडताना बायका गेलेल्याचे गुण सांगतात. हिला प्रत्येक गुणाला एकेक भांडण आठवत होतं.

"दुधनी म्हंजे काय शे?" चिंधाने विचारलं.

"नदीकाठनं मसान असंल," मामा म्हणाला. ठाऊक नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

सिल्वासा सोडून खानवेलच्या रस्त्याला लागल्यावर मामा पाट्या वाचायला लागला. मनात वाचायची त्याला सवय नव्हती. हरणांचं उद्यान अमुक किलोमीटर. सिंह सफारी, सोमवारी बंद. बाग, तंबूत राहण्याची सोय, सहकुटुंब जेवण. बाहेर जिकडेतिकडे नव्या टोप्या, काळे चष्मे, खिडकीतून हात काढून ओरडणारी पोरं. आक्काबाईला त्या सगळ्यांचा राग आला. आपल्या पोराला जिथे नेलं तिथेच जायला या लोकांना आज मुहूर्त मिळाला होता?

खानवेलला पानवाल्याला रस्ता विचारला. त्याने सांगितलं, सीधा जाओ, तालाब आयेगा, पर जल्दी करो, शाम को बोट बंद हो जाती है.

 मामाने खालच्या आवाजात उलगडा केला, "राख सोडाले होडीमा नेतंस."

राख. म्हणजे तोंडही बघायला मिळणार नाही. आक्काबाईने चिंधाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "मी मारं त्याले."

दुधनीला गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. समोर पाणीच पाणी, पाण्यातून वर आलेल्या हिरव्या टेकड्या, त्यांच्यामागे डोंगर. काठावर मक्याची कणसं भाजत होती, भेळ होती, रंगीत पडदे लावलेल्या होड्या, शिकारे, रांगेने उभे होते. एक नवं जोडपं फोटोसाठी पाण्यात पाय सोडून बसलं होतं. टोप्यांचा तो घोळका, पुढे कोरं कापड काखेत धरलेला मामा आणि मध्ये रडून सुजलेली म्हातारी, हे सगळं धक्क्याच्या पायऱ्यांवर आलं तेव्हा कणीसवाल्याचाही पंखा थांबला.

एक शिकारा काठाकडे येत होता. त्यात बुडू नये म्हणून देतात ते नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस मांडीवर पोरीला घेऊन बसला होता. शेजारी बायको. पोरगी हसत होती.

आक्काबाईने पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. तिने चिंधाचा दंड धरला. मेलेला माणूस जाकीट घालून कुल्फी खात होता.

आणि त्याच क्षणी त्यानेही काठाकडे पाहिलं. आई, भाऊ, मामा, टोप्या, काखेतलं कापड. त्याच्या हातातली कुल्फी पाण्यात पडली. तो उभाच राहिला, शिकारा डुलला, नावाडी खेकसला.

"माय!" वाल्मिक ओरडला. "कोन गयं?"

मामाने कापड दुसऱ्या काखेत घेतलं.

"दादा, बोल ना! घरमा कोन गयं?"

"तूच!" चिंधा ओरडला, आणि बोलता बोलता रडायला लागला. "सकायपासून तूच ऑफ शे!"

 वाल्मिकच्या ध्यानात आलं. त्याची आठवड्याची सुट्टी मंगळवारी, लेकीची, गुड्डीची, शाळेची रविवारी, त्यामुळे पोरीला तळं दाखवणं लांबत होतं. किती दिवस मागे लागल्यावर आज साहेबाने रविवारचा ऑफ दिला होता. ऑफ म्हणजे सुट्टी. होडीतूनच त्याने ते ओरडून सांगितलं, आणि धक्क्यावरची अनोळखी माणसंसुद्धा हसायला लागली. ध चा मा झाला तो असा. भाऊबंद एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मामाने कापड पाठीमागे लपवलं आणि आपल्याला तेव्हाच शंका आली होती असं सांगायला सुरुवात केली.

आक्काबाई मात्र हसली नाही. ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी थांबली नाही. शिकारा टेकला. वाल्मिकने उतरायला डावा हात पुढे केला. तिला एक हात पुरणार नव्हता. लेक आहे, उबदार आहे, याची तिला दोन्ही हातांनी खात्री करायची होती. तिने गुड्डीच्या पाठीमागे लपलेला त्याचा उजवा हात ओढून घेतला.

हात हातात आला तो अर्धाच. अंगठा होता, शेजारचं बोट होतं, आणि पुढे नुसती गुळगुळीत कातडी.

आक्काबाईने तो उलटा केला, सुलटा केला. हसणाऱ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"हाई काय शे?"

"काही नही, माय. मशीनमा सापडनी बोटं. आता पॅकिंगले बसाडेल शे, काम हलकं शे."

"कव्हय?"

वाल्मिक डोंगराकडे बघायला लागला. त्याने दुर्गाला डोळ्याने खुणावलं, नको. पण दुर्गा आज ऐकणार नव्हती. सासूने तिला कधी घरात घेतलं नव्हतं, आणि आज ती सासू तिच्यासमोर पाण्यात उभी होती.

"श्राद्धाच्या आदल्या दिवशी," दुर्गा म्हणाली. "आमची बॅग भरलेली होती. तुम्हाला कळलं तर तुम्ही जीव द्याल, म्हणून त्यांनी मला सुट्टी नाही म्हणून सांगायला लावलं. तुमचा फोन आला तेव्हा ते दवाखान्यात होते. दोन्ही हात अडकलेले, एक बांधलेला, एकाला सलाईन. तुम्ही म्हणालात त्याला दे." तिने गुड्डीला कडेवर घेतलं. "फोन मीच धरला होता त्यांच्या कानाला."

दिवसभर रडून आक्काबाईच्या डोळ्यांत काही शिल्लक राहिलं नव्हतं. आपल्या शब्दाने पोरगा मेला असं समजून ती डांगचा घाट उतरली होती. तो मेला नव्हता. तो शब्द त्याने पडल्या पडल्या, तुटक्या हाताने, हूं की चूं न करता ऐकला होता, आणि इतके महिने तसाच सांभाळला होता. मरणापेक्षा हे तिला जड गेलं. ती हात सोडेना. चिंधा हाक मारत होता ती तिला ऐकू येत नव्हती.

मग तिने विचारलं, "जेवस कसा तू?"

"डावा हातघाई. सवय व्हयनी."

तिने लेकाला हाताला धरून उतरवलं आणि ती तशीच ओल्या लुगड्याने पायरीवर बसली. दुर्गाकडे बघून तिने हात पुढे केला आणि पहिल्यांदाच तिला म्हणाली, "बेटा, काही शे का खावाले?"

दुर्गाने पिशवीतून डबा काढला. पुऱ्या होत्या, बटाट्याची सुकी भाजी होती. आक्काबाईने घास केला आणि लेकाच्या तोंडासमोर धरला.

"माय, लोकं देखी ऱ्हायनात."

तिने हात खाली घेतला नाही. वाल्मिकने मुकाट्याने तोंड उघडलं. घास इतका मोठा होता की अर्धी भाजी त्याच्या नारिंगी जाकिटावर सांडली, आणि नावाडी शिकाऱ्यातून ओरडला, जाकीट खराब करू नका, पुढच्या माणसांना द्यायचंय.