बयेचे शिल्लक गुण

बारा बटणं, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, एक निळा दिवा, पोटात थरथरणाऱ्या दोन मोटारी आणि पाठीवर सात बारीक स्क्रू. त्यांपैकी एक स्क्रू आता नाही. मित्रांनो, एवढ्या ऐवजावर उभा असलेला मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. माणसाचं बोट आणि टीव्हीवरचा खेळ यांच्यामधला निरोप्या. निरोप्याचं दुःख असं की निरोप चुकीचा आहे हे कळत असूनही तो मुकाट्याने पोचवावा लागतो. माझ्या आयुष्याची निम्मी चिडचिड या एकाच गोष्टीची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं, दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडल्या आणि त्या बरोबर मधोमध येऊन थांबतात ना, हे यंत्रावर तपासलं. माझ्या स्टिक जागच्या जागी, केसभरही न हलता थांबल्या. तिने मला पुढे सरकवलं. मला मिळालेलं ते पहिलं शाबासकीचं प्रमाणपत्र.

मी ज्या घरात आलो तिथे दोन बहिणी होत्या. ताई आणि धाकटी. वडील चष्म्याच्या दुकानात कारागीर, आई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. घरात कंट्रोलर एकच, म्हणजे मी, आणि खेळायचं दोघींना. खेळ तलवारी, जादू आणि राक्षसांचा. त्यात एक लढवय्यी मुलगी होती. तिचं नाव काय ठेवायचं यावरून दोघींचं एकमत झालं नाही, म्हणून नावाची जागा रिकामीच राहिली. आई येता-जाता विचारायची, "काय गं, ही तुमची बया अजून त्याच जंगलात?" तिथून तिला बया हेच नाव पडलं.

बया एकेक टप्पा चढली की तिला कौशल्याचा एक गुण मिळे. मग पडद्यावर झाडासारखी आकृती उघडे. एका फांदीवर तलवार, एकीवर ओझं उचलणं, एकीवर ढाल, एकीवर जादू. गुण जिथे टाकाल तिथे बया तरबेज होणार. पण एकदा टाकलेला गुण परत मिळत नाही, हा त्या खेळाचा नियम होता.

पहिल्याच आठवड्यात या झाडापाशी दोघींची झटापट झाली आणि मी जमिनीवर आपटलो. तेव्हा आईने घरचा कायदा केला. "एकीने दाखवायचं, दुसरीने दाबायचं. दोघींचं पटलं तरच गुण खर्च होईल. नाही पटलं तर राहू दे तसाच, सडत नाही तो."

तेव्हापासून झाड उघडलं की दोघी खांद्याला खांदा लावून बसत. माझी डावी बाजू ताईच्या हातात, उजवी धाकटीच्या. ताई डाव्या स्टिकने कौशल्य दाखवी, धाकटी उजव्या बटणाने पक्कं करी. मला हे फार आवडायचं. एकाच वेळी दोन माणसांच्या हातांची ऊब मिळणारे कंट्रोलर जगात किती असतील?

पण कायदा चांगला असला तरी माणसं तीच असतात. अगदी सुरुवातीला धाकटीच्या हट्टापायी एक गुण मासे पकडण्यात गेला होता. पुढे अख्ख्या खेळात डबकं निघालं एक आणि त्यात मासे दोन. ताईचं तोंड असं पोळलं की नंतर ती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली.

"ठेव गं. पुढे लागतील," ती म्हणायची.

"पुढे म्हणजे कधी? बया म्हातारी झाल्यावर?"

"आधी पुढे काय येतंय ते कळू दे."

"ताई, ते कळण्यासाठीच जिवंत राहावं लागतं ना."

गुण साठत गेले. नुसते गुणच नाहीत. जखमा भरून काढणाऱ्या लाल औषधाच्या बाटल्याही ताई वापरू देत नसे. बयेच्या पिशवीत बाराच मावत. उरलेल्या तिने खेळातल्या घरी एका पेटीत ठेवल्या होत्या. पेटीत एकशे अठ्ठावीस बाटल्या आणि जवळ सतरा गुण असून बया रोज मार खाऊन मरायची. आणि ती मेली की थरथरायचं मी. मला बोलता आलं असतं तर मी एकदा तरी विचारलं असतं, बायांनो, हे सगळं कुणाच्या लग्नासाठी जपताय?

दरम्यान माझंही वय होत होतं. बिस्किटं खाऊन मला धरलं जाई, उशीखाली दडपलं जाई. माझ्या डाव्या स्टिकच्या बुडाशी कचरा साचला. ती मधोमध थांबेना, आपोआप उजवीकडे सरकू लागली. ढालीवर थांबावं म्हटलं तर निवड हळूच पुढच्या चौकटीत जाई. ताईने तक्रार केली नाही. तिच्या अंगठ्याने उपाय शोधला. ती स्टिक कायम थोडी डावीकडे दाबून धरी. माझी उजवी ओढ आणि तिचा डावा दाब मिळून बेरीज शून्य. पुढे पुढे तिला आपण असं करतो हेही आठवेना. शेजारचा चुलतभाऊ एकदा मला हातात घेऊन म्हणाला, "हा तर भंगार झालाय." ताई म्हणाली, "तुला येत नाही धरायला." इतकं कौतुक माझं नंतर कुणी केलं नाही.

मग ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. रविवारी दुपारी तिला निघायचं होतं. खेळात उरला होता शेवटचा पूल आणि त्याच्यावरचा दगडी राक्षस. त्याचं बळ चार हजार. कितीतरी महिने त्या पुलावर दोघी हरत होत्या.

"तू जायच्या आत हा मेला पाहिजे," धाकटी म्हणाली. "नंतर डावीकडे कोण बसणार?"

 आणि रविवारी सकाळी, कधी नव्हे ते, ताईच म्हणाली, "चल, सगळे सतरा ढालीला देऊन टाकू."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "सगळे? बरी आहेस ना तू?"

आता मित्रांनो, मला आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगितली पाहिजे. वडिलांना लेकीसाठी काहीतरी करायचं होतं. बोलून दाखवणारा माणूस नव्हे तो. त्यांनी मला गुपचूप दुकानात नेलं, चष्म्याच्या बारीक पेचकसाने उघडलं, भिंग पुसायच्या द्रवात कापूस बुडवून माझी स्टिक साफ केली. एक केस निघाला आणि बिस्किटाचा चुरा. एक स्क्रू घरंगळत काउंटरखाली गेला, तो गेलाच. पण माझी स्टिक पुन्हा मधोमध थांबू लागली, अगदी त्या कारखान्यातल्यासारखी. मी हरखून गेलो. वडिलांनी मला जागेवर आणून ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी झाड उघडलं. ताईने ढालीवर निवड आणली आणि सवयीने अंगठा थोडा डावीकडे दाबून धरला. इतकी वर्षं त्या दाबाला उत्तर द्यायला माझी ओढ होती. आता ती नव्हती. निवड हळूच डावीकडच्या चौकटीत सरकली. मी ओरडू शकत नव्हतो. मला थरथरतासुद्धा खेळाने सांगितलं तरच येतं.

"दाबू?" धाकटीने विचारलं.

"दाब."

दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बटण दाबून धरलं की शिल्लक असतील तेवढे सगळे गुण एकदम ओतले जातात. खेळाने 'नक्की?' असंही विचारलं. धाकटीने तेही न वाचता दाबलं.

सतराच्या सतरा गुण ओझं उचलण्यात गेले.

"हे काय केलंस?" ताई म्हणाली.

"मी काय केलं? तू दाखवलंस, मी दाबलं."

"मी ढाल दाखवली होती."

"मग ढाल काय आपल्या पायांनी चालत गेली?"

मला सोफ्यावर भिरकावलं गेलं. धाकटीचे डोळे भरले होते. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. इतक्यात वडील चहाचे कप घेऊन आले आणि खुशीत म्हणाले, "कसा झालाय कंट्रोलर? काल साफ केला. आता आपोआप सरकत नाही."

कुणी कप घेतला नाही.

"बाबा," ताई अखेर म्हणाली, "सांगायचं ना."

"गंमत म्हणून नाही सांगितलं," वडील म्हणाले. नेमकं काय बिघडलं ते त्यांना कळलं नाही, पण काहीतरी बिघडलं हे कळलं. ते ट्रे धरून तसेच उभे राहिले.

आई आतल्या खोलीत ताईच्या बॅगेवर बसून चेन ओढत होती. तिथूनच तिने विचारलं, "काय झालं एवढं?" धाकटीने रडतरडत सांगितलं. आई म्हणाली, "ओझं उचलता येतंय ना तिला? मग उचला की काहीतरी. इथे माझी बॅग बंद होत नाहीये."

धाकटीचं रडणं थांबलं. तिने नाक पुसलं. "ताई," ती म्हणाली, "पेटी."

बयेने पेटीतल्या एकशे अठ्ठावीसही बाटल्या पाठीवर घेतल्या. पिशवीतल्या बारा होत्याच. दोघी पुन्हा तशाच खांद्याला खांदा लावून बसल्या. पळायचं ताईच्या डाव्या हाताने, तलवार आणि बाटली धाकटीच्या उजव्या हाताने. ताईचा अंगठा अजून चुकत होता, बया पुलाच्या कठड्याला धडकत होती, राक्षस मारत होता, धाकटी बाटल्या पाजत होती. माझ्या दोन्ही मोटारी तापल्या.

"अगं, थोड्या शिल्लक ठेव," ताई सवयीने म्हणाली.

"कशाला? राक्षसानंतर काय आहे?"

ताईने बयेला कठड्यापासून मागे ओढलं. "काही नाही," ती म्हणाली. "पाज."

खाली गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. वडील बॅग घेऊन जिन्यात उभे होते. "येतेच," ताई ओरडली आणि तिने मला सोडलं नाही. थोड्या वेळाने तिने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि गेली.

त्यानंतर मी टीव्हीखालच्या खणात आहे. धाकटी मला चार्ज करते, फडक्याने पुसते आणि परत ठेवते. खेळत नाही, कारण कायदा दोन हातांचा आहे. फोनवर मात्र दोघींचं चालूच असतं. ताई म्हणते ढाल, धाकटी म्हणते आता ढाल कशाला, जादू शिकू. ताई म्हणते, मग राहू दे, पुढे लागेल. हे ऐकून माझ्या पोटात मोटारी असून उपयोग काय, असं मला वाटतं.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, पण जपून ठेवायची म्हणून खणात कोंडू नका. काही दुरुस्त केलंत, तर ज्याचा अंगठा त्यावर बसलाय त्याला आधी सांगा. आणि हातात आहे ते वेळेवर वापरा. माझं एवढंच मागणं आहे.

त्या दुपारी पडद्यावर आलेला निकाल असा होता. राक्षसाचं बळ: शून्य. बयेचं बळ: सहा. बाटल्या: शून्य. राक्षस मारल्याबद्दल मिळालेले गुण: एक. शिल्लक गुण: एक.