सोळा चिपांची पट्टी

तिसरी मेमरीची पट्टी खाचेत बसवून शांतिनाथनं बटण दाबलं, तर कॉम्प्युटरनं पुन्हा तोच लांबलचक भोंगा काढला.

"मुडदा बशिवला तुझा," तो त्या डब्याला म्हणाला.

पंचवीस वर्षांचा तो डबा शांतिनाथच्या आष्ट्यातल्या दुकानात दगडावर नावं कोरायचं मशीन चालवायचा. नव्या कॉम्प्युटरला हे मशीन जोडताच येत नव्हतं. आणि मेमरी गेली तीही कधी, तर क्षमावणीच्या आदल्या दिवशी! उद्या सकाळी आप्पांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या नावाचा काळा दगड जैन मंदिरात बसायचा होता. बारीक अक्षरं आधी, मोठी मागून, ही शांतिनाथची रीत. त्यामुळे खाली 'पुत्र शांतिनाथ' कोरून झालं होतं आणि वर आप्पांच्या नावाची जागा रिकामीच.

दुसरा पुत्र भिंतीपलीकडच्या दुकानात होता, पारस. आप्पा गेल्यापासून अकरा वर्षं दोघा भावांत शब्द नव्हता. दरवर्षी क्षमावणीला शांतिनाथ अख्ख्या गल्लीला हात जोडून क्षमा मागायचा आणि ते एक दार तेवढं सोडून पुढं जायचा. कसली क्षमा आणि कसलं काय!

"सांगलीच्या भंगारातल्या तिन्ही वाया गेल्या काय?" बायकोनं, गुणमालानं विचारलं.

"एक खाचेतच बसंना. दुसरीवर आठच चिपा, ती ह्या जुन्या बोर्डाला वळखूच येत न्हाई. ह्याला दोनी अंगाला आठ-आठ, सोळा चिपांची लागती. तिसरी तशीच हाय, पर मेल्याली."

"भावजींच्यात हाय की. दोनी कॉम्प्युटर एकाच दिवशी आनलं हुतं."

"त्याच्या दारात जाण्यापरास हातानं कोरीन."

"उद्या सकाळच्या आत व्हनार हाय?," ती शांतपणे म्हणाली.

त्यानं चिडून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा भोंगा. आणि दारात पारस उभा. हातात दोन पट्ट्या.

"सकाळपासनं बोंबलतंय. भिंतीतनं ऐकू येतंय. मेमरी गेलीया."

"मला शिकवतोस व्हय रं?"

"सोळा चिपांच्या हायत. जोडी हाय, दोनी लाव. दुसरी कुठली त्यात मिसळू नगंस."

"आणि तुझा कॉम्प्युटर?" शांतिनाथच्या तोंडून निसटलंच.

"बंद केला."

पारसची नजर दगडावर गेली. त्यानं ती ओळ वाचली. शांतिनाथ कानकोंडा झाला, पण जीभ माघार घेईना.

"आप्पांना मिरजंच्या दवाखान्यात न्यायचं तू अडवलंस. तुझं नाव कशाला पायजे?"

"आप्पाच नको म्हनलं. माझं मनगट धरून. तू कवा इचारलंस?"

शांतिनाथनं खरंच कधी विचारलं नव्हतं.

"आता माझं नाव घालू नगंस," पारस पट्ट्या टेबलावर टाकत म्हणाला. "घातलंस तर छन्नीनं खरवडून काढीन." आणि तो निघून गेला.

पट्ट्या बसल्या. भोंगा वाजला नाही. पडद्यावर मेमरीचा आकडा पुरा आला. दिवस मावळायच्या आत आप्पांचं नाव सुबक कोरून झालं. मग शांतिनाथनं घासायचं चाक काढलं आणि खालच्या ओळीवर धरलं.

"आवं, ह्ये काय करताय?" गुणमाला म्हणाली. त्यानं चाक चालू केलं.

सकाळी मंदिरात दगड बसला. वर 'स्व. नेमगोंडा पाटील', खाली नुसतं 'पुत्र', आणि त्याच्यापुढं घासलेला कोरा पट्टा.

"पुत्रांची नावं ऱ्हायली की," कुणीतरी म्हणालं.

शांतिनाथ रांगेनं एकेकापुढं हात जोडत पारसपुढं येऊन थांबला. या खेपेला तो पुढं गेला नाही. त्यानं हात जोडले. "उत्तम क्षमा," तो म्हणाला.

पारसनं हात जोडले नाहीत. तो दगडाकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं उपरण्याच्या टोकानं त्या कोऱ्या पट्ट्यात राहिलेली दगडाची भुकटी पुसून काढली.