पडद्यामागचा सात नंबर

मास्तरांच्या बहिणीने एक्कावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी ऑर्केस्ट्रातली पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची रिकामी झाली. लग्नाला लोकांनी नाकं मुरडली. खुर्ची म्हटल्यावर मात्र ज्याच्या त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

मास्तर त्या खुर्चीच्या उजव्या हाताला, दुसऱ्या जागेवर, एकतीस वर्षं बसत आले होते. सकाळी तालीम, दुपारी संगीतशाळेत शिकवणी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पहिल्या खुर्चीसाठी त्यांनी दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले होते. या वेळी वय आडवं आलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मग ऑफिसने त्यांना निवड समितीवर घेतलं.

"म्हणजे जेवणाऱ्याला वाढपी केला म्हणायचा," त्यांची बायको म्हणाली. मास्तर हसले नाहीत.

बहिणीचा पहिला नवरा गेला तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. ती मामाकडेच वाढली, मामाकडेच शिकली. मास्तरांनी तिला रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी, ओठात धरायला शिकवली, बोटांना वळण लावलं. सव्विसाव्या वर्षी ती म्हणाली, "मामा, मी आता दुसऱ्या सरांकडे जाऊन बघते." मास्तर म्हणाले, "जा की. मी कुठे दार अडवलंय?" त्यानंतर दोन वर्षं ती मामीला भेटायला येई, तीही मामा शाळेत असताना.

आता मास्तरांच्या शिकवण्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एका जुन्या सिंफनीच्या संथ भागात क्लॅरिनेटची एक लांबलचक ओळ येते. ती एका दमात वाजवायची असते. चौतिसाव्या वर्षी मास्तरांना न्यूमोनिया झाला आणि छाती पूर्वीची राहिली नाही. त्यांनी आपल्या वहीत त्या ओळीच्या मधोमध पेन्सिलीने एक खूण केली आणि तिथे श्वास घेऊ लागले. विद्यार्थ्यांना खरं कारण कसं सांगायचं? ते सांगत, "इथे थांबलं तरच ओळीचा अर्थ पोचतो." पंचवीस वर्षं मुलं ती खूण आपापल्या वहीत उतरवून घेत राहिली.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये काळा पडदा लावला होता. वाजवणारा बाईमाणूस की बाप्या हे पावलांवरून कळू नये म्हणून खाली जाड गालिचा. कारकून फक्त नंबर पुकारायचा. दाराच्या आत उमेदवाराने तोंड उघडलं तर तो बाद. समितीतल्या कुणी उमेदवाराला ओळखलं तर त्याने तसं सांगून उठून जायचं, हाही नियम होता.

सात नंबर आला आणि मास्तर सावरून बसले. सूर कसा, तर गरम दुधासारखा. मास्तरांनी कागदावर चांगला शेरा लिहायला घेतला. मग संथ भाग आला, ती लांब ओळ सुरू झाली आणि बरोबर मधोमध सात नंबरने श्वास घेतला.

मास्तरांची पेन्सिल थांबली. खूण कितीतरी मुलांच्या वहीत होती, पण असा सूर भाचीचाच. स्वतःच्या घराच्या जिन्यावरची पावलं माणसाला पाहावी लागत नाहीत.

शेवटी तीन नंबर आणि सात नंबर असे दोघे उरले. समितीत कंडक्टर धरून पाच जण. दोन मतं इकडे, दोन तिकडे. मास्तर उठून गेले असते तर बरोबरी कंडक्टरने फोडली असती, आणि कंडक्टर सात नंबरच्या बाजूचा होता. मास्तरांनी तिला मत दिलं असतं तरी खुर्ची तिचीच होती. ती तिला मिळू नये असा एकच रस्ता होता.

"मास्तर, वाद्य तुमचं. तुम्हीच बोला," कंडक्टर म्हणाला.

दुसऱ्या खुर्चीवरच्याने पहिल्याच्या खांद्याकडे बघायचं असतं. तो खांदा हलला की फुंकायचं. जिचं नाक आपण पुसलं तिच्या खांद्याकडे दोन वर्षं बघत बसायचं, हे मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं.

"सात नंबर वाजवतो छान," ते म्हणाले. 'वाजवतो' म्हणाले. "पण ओळ मध्येच तोडली. पहिल्या खुर्चीवर हे खपत नाही."

"मलाही खटकलंच ते," समितीतली फ्लूटवाली म्हणाली. "असलं शिकवतं तरी कोण?"

नापास उमेदवाराच्या हाती द्यायच्या नापसंतीच्या चिठ्ठीवर मास्तरांनी कारण लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले तर भाची स्वयंपाकघरात मामीसमोर बसलेली.

"मामा, सात नंबर मी होते."

"हो का? आम्हाला काय कळणार, पडदा होता."

"तो श्वास नाही ऐकलात?"

"कान कुठे राहिलेत आता पहिल्यासारखे."

"ती ओळ मी दोन वर्षं एका दमात वाजवते आहे. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी खूण खोडायला लावली. काल आत जाताना भिंतीवर समितीची यादी दिसली, त्यात तुमचं नाव. म्हटलं, तिथेच श्वास घेते. मामांना कळेल, ते उठून जातील. नाहीतर जन्मभर लोक म्हणतील, मामाने खुर्ची दिली."

"अगं, मग तोंडाने सांगायचं ना!" मामी म्हणाली.

"तोंड उघडलं की बाद करतात, मामी." तिने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "अक्षर तुमचंच आहे ना, मामा?"

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलं नाही. पाणी मागितलं. मामी जागची हलली नाही.

"एकतीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर बसलात, ते काय हिच्यामुळे?" ती म्हणाली.

निवडीवर हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. भाचीला ओळखल्याचं मास्तरांनी कबूल केलं असतं तर निवड रद्द झाली असती. एकदा ते कंडक्टरच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही.

"काय मास्तर?"

"काही नाही. रीडची नवी पेटी मागवायची होती."

महिना सरला. तीन नंबरवाला पोरगा पहिल्या खुर्चीवर बसला आणि मास्तर दोन वर्षं त्याच्या खांद्याकडे बघत फुंकत राहिले. भाचीने दूरच्या गावी एका शाळेत लहान मुलांना बासरी शिकवायची नोकरी धरली. मामीला ती दर रविवारी फोन करी. फोन मास्तरांनी उचलला तर म्हणे, "मामीला द्या."

निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला सकाळी, मास्तर वारले.