विरूपाक्षाच्या जागी मी

मी नळी बोलतेय. पाण्याची समजून घागर आणू नका. बैलाच्या पुढच्या पायातली, गुडघ्याखालची नळी आहे मी. तुमच्या तळहातात पाच बारीक हाडं असतात. बैलात त्यांतली दोन जुळून एकच जाड हाड होतं, मधोमध जोडाची खाच राहते. तळहात टेकवून औत ओढावं लागलं नाही, म्हणून तुमची नाजूक राहिली.

मी बारा वर्षं ओढलं. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात, लिंगायतांच्या दफनभूमीच्या कडेला बैल बसला तो उठलाच नाही. तिथंच मातीआड केला. त्याच साली माझ्यापासून दोन हातांवर विरूपाक्ष मातीत आला. लातूरच्या मोंढ्यात पोती उचलणारा हमाल. दोघंही दमलेले, त्यामुळं शेजार बरा जमला.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. पुन्हा पाऊस नाही, म्हणून रोजगार हमीचं काम निघालं: जिल्ह्याला जाणारा रस्ता, नेमका आमच्यावरून. विरूपाक्षाची बायको कमलम्मा येऊन उभी राहिली.

"रस्ता करा, पण आधी माझा माणूस काढून द्या."

लोकांनी खणलं. जागा चुकली अन् मी तेवढी वर आले.

मुकादम शेषेरावनं मला उचललं, खाचेवरून अंगठा फिरवला. जन्म गुरांत गेलेला त्याचा, त्याला लगेच कळलं. पण संध्याकाळी साहेब पाहणीला येणार होते.

"मावशी, हे घ्या," एवढंच म्हणाला आणि खड्डा बुजवायला लावला.

कमलम्मानं मला पदरात घेतलं. "लई जड हाय. असणारच. पोती उचलून उचलून हाडं अशी झाली त्यांची."

मला तोंड असतं तर म्हटलं असतं, बाई, अजून दोन हात खणायला लाव.

तिनं मला विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, परसात पुरलं. खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मग लाज वाटली.

दर सोमवारी ती टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर माझ्यावर ओतते. "तहान लागली असंल," म्हणते.

तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलात तर तिला सांगा, तुझा माणूस रस्त्याखालीच आहे. ती रडेल, ठाऊक आहे. पण हे पाणी त्याचं आहे, आणि पितेय मी.